अर्धा अँपिअर : सायकलच्या डायनामोची गोष्ट

ठाण्यात खोपटच्या एस. टी. डेपोजवळून पहाटे नाशिकच्या दिशेने निघालेले सायकलस्वार आता अधूनमधून दिसतात. डोक्याला हेल्मेट, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या आणि हँडलवर मोबाइल. रस्ता विचारायला ते फारसे थांबत नाहीत, कारण नकाशा मोबाइलमध्येच असतो. घरच्यांशी बोलायचे, मुक्कामाची जागा ठरवायची, प्रसंगी उजेड पाडायचा, सारे त्याच्यावरच. म्हणून पिशवीत साबणाच्या वडीसारखी एक चपटी वस्तू असते. तिला पॉवर बँक म्हणतात. बरोबर नेलेला तो विजेचा साठा.

साठा म्हटला की तो संपणारही. मग कसारा घाटात भिंतीतले बटण शोधायचे कोठे? अशा वेळी कोणाच्याही मनात येईल, की चाक तर दिवसभर फिरतेच आहे. त्याच्याकडूनच वीज का घेऊ नये?

हा विचार नवा नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि खोपटपासून जवळच वागळे इस्टेटची औद्योगिक वसाहत उभी राहिली. दुसरी पाळी संपवून रात्री घरी परतणाऱ्या कामगारांच्या सायकली या भागातल्या जुन्या माणसांना आठवत असतील. पुढच्या चिमट्याला बाटलीच्या आकाराचा डायनामो, त्याचे दातेरी डोके टायरला टेकलेले, चाकाबरोबर घुर्र आवाज आणि रस्त्यावर डुलणारा पिवळा उजेड. तो डायनामो आज आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. गंमत अशी, की त्याचा सर्वांत मोठा उपयोग नेमका आत्ता सुरू झाला. हे कसे घडले ते पाहू. त्यातून वर्गात शिकवण्याजोगेही बरेच हाती लागेल.

डायनामोच्या आधी

सायकलला दिवा लावण्याची गरज सायकलइतकीच जुनी. सुरुवातीला मेणबत्तीचे व तेलाचे कंदील होते. उंच पुढच्या चाकाच्या सायकली होत्या त्या काळात, १८७८च्या सुमारास, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकसने चाकाच्या हबवर टांगायचा तेलाचा दिवा विकायला काढला. खड्ड्यात चाक आदळले की दिवा विझायचा.

पुढे कार्बाइडचा दिवा आला. १८९२ साली टॉमस विल्सनला विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात करण्याची रीत सापडली. कार्बाइडवर पाणी थेंब थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो लख्ख पांढरा जळतो. उजेड उत्तम, पण कार्बाइडचे खडे बरोबर न्यायचे, पाण्याचा थेंब सांभाळायचा, वास सहन करायचा आणि घरी गेल्यावर उरलेला चुना खरवडून काढायचा. आपल्याकडे रॉकेलचे व कार्बाइडचे दिवे बराच काळ चालले. अंधार पडल्यावर विनादिव्याची सायकल चालवली तर पोलीस अडवत. ‘डबलसीट’ आणि ‘दिवा नाही’ हे सायकलवाल्याचे दोन ठरलेले गुन्हे मागच्या पिढीला चांगलेच माहीत आहेत.

नव्वद वर्षांचा उशीर का?

शिक्षक म्हणून आपल्याला पडावा असा एक प्रश्न येथे आहे. मायकेल फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तन १८३१ साली शोधले. वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो, हे त्याने दाखवले. पुढच्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसच्या इपोलित पिक्सीने वेटोळ्यांसमोर चुंबक फिरवणारे हाताने चालवायचे यंत्र केले. तत्त्वतः तो सायकलच्या डायनामोचा पणजोबाच. आजच्या धाटणीची, दोन सारख्या चाकांची व साखळीची सायकल १८८५ साली आली आणि हवेचा टायर १८८८ साली. म्हणजे १८८८ पर्यंत साहित्य जमले होते. तरीही जर्मनीतील बॉश कंपनीने सायकलसाठी डायनामो व दिव्याचा संच बाजारात आणला तो १९२३ साली. फॅरडेपासून ब्याण्णव वर्षांनी! तोवर मोठमोठ्या यंत्रांनी शहरे उजळली होती. आपल्या शेजारी खोपोलीला टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ सालीच मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. मोठे जमले आणि छोटे जमले नाही, असे का?

उत्तर पदार्थविज्ञानापेक्षा पदार्थांमध्येच आहे. पहिली अडचण बल्बची. कार्बनच्या तंतूचा बल्ब वीज फार खाई आणि हादऱ्याने तुटे. टंगस्टनची बारीक, चिवट तार ओढण्याची रीत १९१०च्या सुमारास बसली. त्यानंतरच दोन-तीन वॅटमध्ये कामापुरता उजेड मिळू लागला.

दुसरी अडचण चुंबकाची. मोठ्या विद्युतगृहात कायम चुंबक वापरत नाहीत. यंत्राने निर्माण केलेल्या विजेचाच काही भाग विद्युतचुंबकांना देतात. ही युक्ती व्हेर्नर सीमेन्सने १८६७ साली मांडली आणि ‘डायनामो’ हे नाव मुळात त्या प्रकारच्या यंत्राचे. सायकलला एवढा पसारा परवडत नाही. तिला हवा छोटा, हलका आणि हादऱ्यांनी न विझणारा कायम चुंबक. जुने पोलादी चुंबक या कामाला दुबळे होते. १९१७ साली जपानच्या कोतारो होंडा यांनी कोबाल्ट मिसळलेले चुंबकी पोलाद तयार केले. १९३१ साली तोकुशिची मिशिमा यांनी ॲल्युमिनियम व निकेलचा आणखी जोमदार चुंबक केला. चुंबक सुधारला तसा डायनामो लहान झाला. थोडक्यात, आपण ज्याला सायकलचा ‘डायनामो’ म्हणतो तो नावाने डायनामो असला तरी वंशाने पिक्सीच्या चुंबकयंत्राचा आहे. त्यातून निघतो तोही प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह.

१९३६ साली इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने डायनामो चाकाच्या हबमध्येच बसवला. टायरला घासणारा डायनामो आणि हबमधला डायनामो यांतला फरक मुलांना गणित करून दाखवण्याजोगा आहे. आपल्या नेहमीच्या मोठ्या सायकलच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. ताशी १६ किलोमीटर वेगाला ते सेकंदाला दोन वेळा फिरते. टायरला टेकलेले डायनामोचे डोके दोन-सव्वादोन सेंटिमीटर व्यासाचे, म्हणून ते त्याच वेळात साठाहून अधिक फेऱ्या घेते. हबमधल्या डायनामोला मात्र सेकंदाला दोनच फेऱ्या मिळतात. वेगाची ही उणीव ध्रुवांची संख्या वाढवून भरून काढली. त्या पहिल्या हब-डायनामोच्या चुंबकाला वीस ध्रुव होते.

न लिहिलेला गुण

जुन्या डायनामोच्या अंगावर बहुधा ‘६ व्होल्ट, ३ वॅट’ असे कोरलेले असते. ३ भागिले ६ म्हणजे अर्धा अँपिअर. हा अर्धा अँपिअर सर्वांत महत्त्वाचा.

विचार करा. वेग दुप्पट केला की वेटोळ्यातील विद्युतदाब दुप्पट होतो. ओहमच्या नियमाने प्रवाहही दुप्पट व्हावा आणि शक्ती चौपट. मग ताशी १५ किलोमीटरला नीट जळणारा बल्ब ताशी ३० ला तत्काळ उडायला हवा. तसे सहसा होत नाही. का?

कारण वेग वाढला की प्रवाहाची दिशाही अधिक वेळा बदलू लागते. आणि वेटोळ्याचा स्वभाव असा, की प्रवाहात जितक्या झपाट्याने बदल होईल तितका ते त्याला अधिक विरोध करते. याला स्वयंप्रवर्तन म्हणतात. दाब दुप्पट, विरोधही जवळजवळ दुप्पट. परिणामी प्रवाह जवळपास तेवढाच राहतो. पाण्याची टाकी जसजशी उंच चढवावी तसतशी नळाची तोटी आपोआप अरुंद होत जावी, तसे हे आहे. अगदी कमी वेगाला ही गोष्ट खरी नाही. तेथे बल्बचा सुमारे १२ ओहम रोधच भारी पडतो, म्हणून चढावर दिवा मिणमिणतो. पण एकदा वेग धरला की डायनामो अर्ध्या अँपिअरच्या आसपास स्थिरावतो. वेगळा नियंत्रक नाही, हलणारा सुटा भाग नाही. वेटोळ्याचे वेढे, लोखंडाचा गाभा आणि ध्रुवांची संख्या अशी निवडलेली, की यंत्र स्वतःच स्वतःला आवरते.

माझ्या लहानपणी घरच्या सायकलला पुढे पांढरा व मागे लाल असे दोन दिवे होते. उतारावर पुढचा बल्ब गेला की क्षणात मागचाही जाई. ‘करंट जास्त झाला’ एवढेच उत्तर सायकलच्या दुकानात मिळे, आणि आम्ही डायनामोला नावे ठेवत असू. कितीतरी वर्षांनी उलगडा झाला. पुढचा बल्ब २.४ वॅटचा, त्याला ०.४ अँपिअर लागे. मागचा ०.६ वॅटचा, त्याला ०.१ अँपिअर. पुढचा गेला तरी डायनामो आपला अर्धा अँपिअर रेटतच राही, आणि एवढा सगळा प्रवाह त्या बिचाऱ्या छोट्या तारेतून गेल्यावर ती टिकणार कशी? दोष डायनामोचा नव्हता. तो आपल्या स्वभावाप्रमाणेच वागत होता.

उतरती कळा आणि नवा जन्म

डायनामोच्या दिव्याचे दोन दुर्गुण मात्र खरे होते. सायकल थांबली की उजेड गेला, म्हणजे चौकात, नेमकी गरज असताना अंधार. आणि चाक जड लागे. पुढे स्वस्त बॅटरीचे दिवे आले. सायकलींच्या जागी स्कूटर व मोटरसायकली आल्या. महापालिका-नगरपालिकांचे सायकलचे पितळी बिल्ले गेले, तसे डायनामोही भंगारात गेले.

त्याच सुमारास जगात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या. १९८०च्या दशकात निओडिमियमचे अतिशय प्रबळ चुंबक निघाले. जर्मनीत विल्फ्रिड श्मिट यांनी १९९०च्या दशकात हबमध्ये बसणारा नव्या पिढीचा, हलका चालणारा डायनामो आणला. दुसरीकडे जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या निळ्या एलईडीमुळे (१९९३) पांढरा एलईडी शक्य झाला. त्याच तीन वॅटमध्ये जुन्या बल्बच्या कितीतरी पट उजेड मिळू लागला, आणि दिव्यात एक धारित्र बसवल्यावर सायकल थांबल्यानंतरही तो काही मिनिटे तेवत राहू लागला. तिसरी गोष्ट म्हणजे १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी. भारतात पहिला मोबाइल फोन १९९५ साली बोलला. त्यानंतर उजेडापेक्षा फोनची भूक हीच प्रवाशाची पहिली चिंता झाली.

२०१० साली नोकिया कंपनीने नैरोबीत सायकलवरचा मोबाइल चार्जर जाहीर केला. त्यात टायरला घासणारा बाटलीचाच डायनामो होता. ताशी ६ किलोमीटरला चार्जिंग सुरू होई, आणि ताशी १० किलोमीटरने दहा मिनिटे चालवले तर २८ मिनिटे बोलता येईल असे कंपनीने सांगितले होते. गावात वीज नाही पण हातात फोन आहे, अशा माणसांसाठी ती वस्तू होती.

टाकी कशासाठी?

आता नाशिकच्या वाटेवरील आपल्या सायकलस्वाराकडे वळू. डायनामोतून येते ती प्रत्यावर्ती वीज, पॉवर बँकेला हवी ५ व्होल्टची दिष्ट वीज. म्हणून मध्ये चार डायोडचा सेतू, प्रवाहातील चढउतार भरून काढणारे धारित्र आणि दाब ५ व्होल्टवर आणणारे परिपथ असे तीन भाग लागतात. येथे अर्ध्या अँपिअरचा गुण पुन्हा उपयोगी पडतो. प्रवाह ठरलेला असल्यामुळे वेग असताना जास्त दाबाने वीज घेता येते. ताशी ३० ला १२ व्होल्टने घेतली तर १२ गुणिले अर्धा, म्हणजे ६ वॅट मिळतात.

फोन थेट का जोडू नये? कारण सायकल सतत थांबते, हळू होते. दर वेळी चार्जिंग तुटते व पुन्हा सुरू होते आणि फोनचा पडदा उजळत राहून मिळालेली वीज तेथेच खर्च होते. घरात नळाला बारीक धार असेल तर आपण त्याखाली आंघोळ करत नाही, टाकी भरून ठेवतो. पॉवर बँक ही तशी टाकी आहे.

आता हिशेब. खोपटहून माजिवडा, शहापूर, कसारा, इगतपुरी असे नाशिक सुमारे १४० किलोमीटर. सरासरी ताशी १५ किलोमीटर धरले तर नऊ-साडेनऊ तास. तीन वॅट गुणिले नऊ तास म्हणजे २७ वॅट-तास. रूपांतरात व साठवणीत काही जाईल, हाती वीस-एक उरतील. घाटाच्या चढावर ही आवक जवळजवळ बंद होते. पुढच्या सपाट रस्त्यावर व उतारावर थोडी भरपाई होते. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टने ३७ वॅट-तास मावतात. म्हणजे दिवसभराच्या मेहनतीने ती सुमारे अर्धी भरली. पाच हजारांच्या फोनची बॅटरी १९ वॅट-तासांची. म्हणजे एका दिवसात फार तर एक फोन.

ही वीज किमतीने किती? २७ वॅट-तास म्हणजे ०.०२७ युनिट. युनिट दहा रुपये धरले तरी सत्तावीस पैसे! आणि सायकलस्वाराने त्यासाठी काय दिले? चांगला हब-डायनामो ३ वॅट देण्यासाठी चाकाकडून सुमारे ५ वॅट घेतो. नऊ तासांत ४५ वॅट-तास. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामात बदलतात, म्हणून अन्नातून खर्च झाले १८० वॅट-तास, म्हणजे सुमारे १५५ किलोकॅलरी. दीड-दोन पोळ्या. टायरला घासणारा डायनामो असेल तर घर्षणापायी याच्या जवळजवळ दुप्पट.

सत्तावीस पैशांच्या विजेसाठी दोन पोळ्या हा व्यवहार तोट्याचा वाटेल. पण जेथे भिंतीत बटणच नाही तेथे विजेची किंमत पैशांत होत नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, म्हणजे बॉशचा डायनामो बाजारात आला त्याच वर्षी, मुंबईहून सहा तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर करून साडेचार वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांची वाट कागदी नकाशावर आणि रस्त्यातल्या माणसांवर चालली. २०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी एकूण १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची सायकलप्रदक्षिणा पूर्ण करून आली. या दोन प्रवासांच्या मधल्या काळात नकाशा, पत्र, घड्याळ आणि कंदील एका डबीत आले, आणि ती डबी विजेवर जगते. प्रवाशाला आज रोज वीस वॅट-तास हवेत. बाटलीएवढ्या डायनामोला जमण्यासारखे नेमके तेवढेच आहे.

वर्गासाठी

भंगाराच्या दुकानात किंवा सायकलच्या जुन्या दुकानात डायनामो अजून मिळतो. शाळेतली एखादी सायकल उलटी ठेवून किंवा मागचे चाक स्टँडवर उचलून त्याला डायनामो लावा आणि पुढील तीन गोष्टी करा.

पहिली : बल्ब न जोडता एका मुलाला पायडल हाताने फिरवू द्या. मग ते फिरवत असतानाच बल्ब जोडा. पायडल एकदम जड झालेले त्याच्या हाताला कळेल. लेंझने १८३४ साली सांगितलेला नियम त्याला हातांनी समजेल.

दुसरी : बल्बच्या जागी एक लाल व एक हिरवा एलईडी एकमेकांना उलटे आणि प्रत्येकाला सुमारे ५०० ओहमचा रोध जोडून लावा. अगदी सावकाश फिरवले तर ते आळीपाळीने लुकलुकतील. प्रत्यावर्ती म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही.

तिसरी : बहुमापीने बल्बमधला प्रवाह वेगवेगळ्या वेगांना मोजा. चाकाच्या एका आऱ्याला चिंधी बांधली की फेऱ्या मोजता येतात. वेग व प्रवाह यांचा आलेख काढा. सुरुवातीला चढणारी रेघ पुढे आडवी होत जाईल. तोच आपला अर्धा अँपिअर.

एक सूचना. डायनामोच्या तारा फोनला किंवा पॉवर बँकेला थेट कधीही जोडू नका. बल्ब जोडलेला नसताना वेगात फिरणाऱ्या डायनामोचा दाब ६ व्होल्टच्या कितीतरी वर जातो.

भिंतीतले बटण दाबताना मुलांना काहीच जड लागत नाही. त्यामुळे वीज कोठून तरी आपोआप येते अशी त्यांची समजूत होते, आणि पाठ्यपुस्तकातले ऊर्जा-अक्षय्यतेचे वाक्य नुसते पाठ होते. सायकलच्या डायनामोत मात्र वीज घेणारा आणि तिची किंमत मोजणारा एकच असतो. फोन एक टक्का भरला तर तो कोणाच्या पायांनी, हे त्याला ठाऊक असते. एवढी गोष्ट मुलांच्या हातांना एकदा कळावी यासाठी तरी शाळेच्या कपाटात एक जुना डायनामो असायला हवा.